डावी सीट रिकामी असली की...

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर वेड्यात काढत आलो. मी मेकॅनिक माणूस. गाडी अडली तर पेट्रोल तरी येत नसतं, नाहीतर करंट तरी... तिसरं कारण नसतं, असं मी छातीठोकपणे सांगायचो. तरीही आज हे लिहितोय. हसायचं तर हसा.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या काळातली गोष्ट. जिंतूरला, चारठाण्याच्या रस्त्यावर माझं गॅरेज होतं. एक फोटोवाले काका जुनी पेट्रोल व्हॅन घेऊन माझ्याकडे यायचे. मागे पलंग, स्टोव्ह, फोटोसाठी रंगवलेला पडदा — सगळा संसार गाडीतच! नवरा-बायको जत्रा-जत्रांतून फिरायचे. काकू पोरांचे केस विंचरून पावडर लावायच्या, काका फोटो काढायचे. मग काकू वारल्या, आणि दोन महिन्यांत काका एकटेच दारात हजर.

"उस्ताद, गाडी मिस मारायलीय. मधीच धक्के देती, मधीच नीट चालती."

असे तीनदा आले. तिन्ही वेळा त्यांना शेजारी बसवून ट्रायल घेतली. मालक शेजारी हवाच, म्हणजे नंतर तक्रार नको, ही माझी पद्धत. तिन्ही वेळा गाडी एकदम मख्खन! तिसऱ्यांदा मी चिडलोच.

"काका, गाडीला काय बी झालेलं न्हाई. तुमच्या कानालाच झालंय कायतरी."

काकांचा चेहरा उतरला. त्यांना दुसरं घर नव्हतं. ही गाडी बंद पडली तर जायचं कुठं, हीच त्यांना धास्ती.

चौथ्यांदा आले ते नेमके खंडेनवमीला. पाने-पकडी पूजेत मांडलेल्या, त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. नैवेद्याचं ताट त्यांच्यापुढे ठेवून म्हटलं, तुमी जेवा, मी नुसती चक्कर मारून येतो. त्या गाडीत पहिल्यांदाच एकटा बसलो... आणि नाका ओलांडतो न ओलांडतो तोच इंजिन फट्-फट् करत धक्के द्यायला लागलं.

परत येऊन काकांना भरल्या ताटावरून उठवलं, शेजारी बसवलं. आवाज साफ! उतरवलं, की मिसिंग. वाटलं, वजनानं सीटखालची एखादी वायर दबत असेल. ज्वारीचं पोतं ठेवून पाहिलं. मिसिंग. शेजारच्या पंक्चरवाल्या चाचांना बसवलं... साफ. दुपारभर हेच चाललं होतं.

काका हळूच म्हणाले, "ती होती तवा ती सीट कदी रिकामी नसायची."

"लोखंडाला काय कळतंय, काका?" मी म्हणालो खरा, पण माझ्या आवाजात दम नव्हता.

दसरा उलटल्यावर हत्यारं हातात घेतली. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, सगळं नवं घातलं. एकटा निघालो — मिसिंग! आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला सांगितलं, "मला न्हाई जमलं."

काकांना गंगाखेडला जायचं होतं, तिथं फोटोंचं काम मिळालं होतं. नामांतरावरून दिवस तंग होते, अनोळखी गाडीत कुणी बसत नव्हतं. शेवटी मीच डावीकडे चढलो. गंगाखेडपर्यंत एक ठोका चुकला नाही. सगळ्या वाटेत काका काकूंबद्दल बोलत होते. कितीतरी दिवसांनी कुणाशी बोलत असावेत.

स्टँडवर उतरताना मी घुटमळलो. तेच म्हणाले, "जावा आता. कामं असतेत तुमाला. आलात हेच लय झालं."

गाडी वळली आणि फट्-फट् सुरू झालं. बाजाराच्या गलक्यातही मला ते ऐकू येत होतं, गाडी पार दिसेनाशी होईपर्यंत.

काका परत कधी आले नाहीत. पुढे कितीतरी जुन्या मेकॅनिकांना विचारलं, कुणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. पोतं आणि माणूस यातला फरक त्या गाडीला कसा कळायचा, देव जाणे.

मला खरी टोचणी वेगळीच आहे. कामं कसली? गॅरेज तर बंद करून आलो होतो, आणि घरी वाट बघणारं माझंही कुणी नव्हतं. चार दिवस त्यांच्या शेजारी बसून राहिलो असतो तर दोघांनाही बरं वाटलं असतं. मी मात्र यष्टी पकडून परत आलो.