गोगलगाईचे चौदाशे फोटो

ऑफिसात माझ्या दादाला 'डबल' म्हणतात. काम झालं म्हणून कोणी सांगायला आलं, की हा आधी विचारतो, "दुसरी प्रत कुठे ठेवलीस?" लोकांची माहिती जपून ठेवणं हाच त्याचा धंदा. यंदा त्यानं एका विमा कंपनीची वीस वर्षांची कागदपत्रं जुन्या यंत्रांवरून नव्या यंत्रांवर हलवली आणि त्यातला एकही कागद इकडचा तिकडे झाला नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. घरी येऊन त्यानं ते सांगितलं, तर आई म्हणाली, "हरवू नये म्हणूनच पगार देतात ना रे?"

तसं वर्ष त्याला छानच गेलं. वहिनी फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं सहा वर्षांनी पुन्हा नोकरी धरली. त्यामुळे सकाळचा डबा दादाकडे आला आणि दोन महिन्यांत त्याला पोळी गोल लाटता यायला लागली. निदान तो तिला गोल म्हणतो. त्याच्या सात वर्षांच्या मुलीचे, म्हणजे आमच्या भिंगरीचे, पुढचे दोन दात पडले. आणि दर रविवारी सकाळी वहिनी दवाखान्यात गेली, की बाप-लेकीचा सिनेमा सुरू व्हायचा.

सिनेमा म्हणजे जेवणाचं टेबल, न वाळणाऱ्या मातीची एक अंगठ्याएवढी गोगलगाय, आणि पुस्तकांच्या चवडीवर बसवलेला फोन. गोगलगाय केसभर सरकवायची, हात काढायचा, फोटो घ्यायचा. पुन्हा केसभर. असे बारा फोटो एकामागोमाग पळवले की पडद्यावर एक सेकंद होतो. गोष्टसुद्धा केवढी, तर गोगलगाय टेबलाच्या या टोकापासून खिडकीपर्यंत जाते.

"एवढंच?" मी विचारलं होतं.

"मग काय मारामारी पाहिजे तुला, आत्या?"

नोव्हेंबर संपेपर्यंत चौदाशे चाळीस फोटो झाले. दोन मिनिटं. भिंगरीनं वर्षाच्या शेवटच्या रविवारी पाच मैत्रिणींना बोलावून टाकलं, वर सांगून ठेवलं, "वेळेवर या, सिनेमा लांब नाहीये."

तीन आठवडे आधीची गोष्ट. घरातला कॉम्प्युटर भरला. आई एकाच कुंडीचे पंधरा-पंधरा फोटो काढते आणि त्यातला एकही पुसू देत नाही. दादानं शुक्रवारी बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: एकसारखे दिसणारे फोटो शोधायचे, त्यातला एक ठेवायचा, बाकीचे काढायचे. प्रोग्रॅम उत्तम चालला. इतका उत्तम, की रविवारी सिनेमाचा फोल्डर उघडला तर आत तीनशे अकरा फोटो उरले होते.

दुसरी प्रत होती. तिसरीही होती. पण दोन्ही रोज पहिलीवरून ताज्या व्हायच्या, आणि त्यांनी इमानेइतबारे ही साफसफाईही उतरवून घेतली होती. दादानं दोन दिवस खटपट केली आणि कसेबसे नऊ फोटो परत मिळवले. सगळ्यात वाईट म्हणजे जिथं काम बारीक होतं तिथंच जास्त गेलं. शेवटी खिडकीचं ऊन अंगावर येतं आणि गोगलगाय हळूहळू शिंगं आत घेते, त्या प्रसंगाला भिंगरीनं दोन रविवार श्वास रोखून शिंगं चिमटीत धरली होती. त्यातला एकच फोटो राहिला.

"तिला सांगू नकोस एवढ्यात," वहिनी म्हणाली. "आधी काहीतरी मार्ग काढ."

"नको. मैत्रिणींना तिनं बोलावलंय. तिलाच कळायला पाहिजे."

त्यानं सांगितलं. भिंगरी रडली नाही. ते जास्त जड गेलं.

"म्हणजे तू पुसलेस?"

"प्रोग्रॅमनं पुसले. पण प्रोग्रॅम मी लिहिला."

"त्याला कळलं नाही, ती चालत होती ते?"

"नाही गं. त्याला वाटलं ती तिथंच आहे."

"आजीची कुंडी तिथंच असते," ती म्हणाली. "गोगलगाय नसते." आणि उठून आत गेली. दोन दिवस बापाशी फक्त कामापुरतं बोलली. डबा दे. वेणी घट्ट झाली.

गुरुवारी संध्याकाळी दादा उरलेले फोटो जोडून बघत होता. नेहमीच्या वेगानं गोगलगाय सव्वीस सेकंदांत सुसाट सुटली. भिंगरी दारातून बघत होती.

"हा ससा झाला," ती म्हणाली.

त्यानं एकेक फोटो जास्त वेळ ठेवला. आता गोगलगाय थांबायची, टुणकन पुढे यायची, पुन्हा थांबायची.

"अशी का थांबते?" आईनं भाजी निवडता निवडता विचारलं. "पाय दुखतात की काय?"

"आजी, तिला एकच पाय असतो."

"मग तोच दुखत असेल. माझे दोन दुखतात, मी जिन्यात चारदा थांबते."

"थांबून काय करतेस?"

"दम खाते. वर जायचं होतं की खाली, ते आठवते."

भिंगरी हसली नाही, पण खुर्ची ओढून बसली. "बाबा, परत लाव. आजी, तू बोल. ती थांबली की बोल."

आईनं आढेवेढे घेतले, मला काय येतंय म्हणाली, आणि मग जी सुरू झाली ती झालीच. मिठाच्या बरणीपाशी थांबून गोगलगाईनं शेजारणीला नावं ठेवली. चमच्यापाशी स्वतःचं तोंड बघून म्हणाली, "बारीक झालेय मी." नाटकाच्या शाळेत तीन वर्षं घालवून मला न जमलेली थांबायची जागा आईला भाजी निवडता निवडता जमत होती. मी गुपचूप फोनवर तिचा आवाज टिपून घेतला.

"आणि खिडकी?" दादानं विचारलं. "तिथं एकच फोटो आहे. आजी कितीही बोलली तरी शिंगं आत जाणार नाहीत."

"ते परत करायचं," भिंगरी म्हणाली. "पण तुझ्या प्रोग्रॅमला सांग, त्या दिवशी सुट्टी आहे म्हणून."

"तो काढूनच टाकला मी."

"प्रत ठेवलीस त्याची?"

त्यानं खरंच ठेवली होती.

पुढच्या रविवारी ऊन साडेनऊ ते सव्वादहा एवढंच टेबलावर येत होतं. त्यात चाळीस फोटो. वहिनीनं सकाळची पाळी बदलून घेतली आणि आरशानं ऊन धरून ठेवलं. वर्षभर हाताळून गोगलगाय राखाडी पडली होती, आधीच्या फोटोंत ती पिवळीधमक होती. दादा पुसायला गेला, तर आई म्हणाली, "राहू दे. एवढं चालल्यावर मळणारच." प्रत्येक फोटोनंतर दादा लगेच प्रत काढत होता. भिंगरी ओठ दाबून शिंगं चिमटीत धरत होती. सदतिसाव्या फोटोला ऊन गेलं.

"तीन राहिले," दादा म्हणाला.

"राहू देत. शेवटी ती तशीही हलत नाही."

शेवटच्या रविवारी पाचही मैत्रिणी वेळेवर आल्या. दादा दाराशी उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. बरणीपाशी मुली खदखदल्या. खिडकीशी गोगलगाय आली, ऊन पसरलं, शिंगं सावकाश आत गेली आणि आईचा आवाज आला, "बाई गं, उबदार आहे." मग काही नाही. चार-पाच सेकंद नुसतं ऊन.

"संपला?" एकीनं विचारलं.

"नाही, ती आहे अजून," भिंगरी म्हणाली, आणि मागे वळून न बघता हात लांब करून बापाला शेजारी ओढून बसवलं.