दोनाचा शून्यावा घात

सदर व्यक्ती गणित विषयाची शिक्षिका असून इयत्ता सातवीस शिकविते. नेमणूक तात्पुरती. आवाज मागच्या बाकापर्यंत पोचणारा. विषयावर प्रभुत्व: आहे.

नेमणूक तात्पुरती असल्याचं घरात सर्वांत जास्त लक्षात असे ते सासूबाईंच्या. "सून कायमची मिळाली, नोकरी तेवढी तात्पुरती," असं त्या आल्यागेल्याला हसत सांगत, आणि आतून भांडी जरा जोरात आपटल्याचा आवाज येई. आज तपासनीस पाठ बघायला येणार होते. शेरा चांगला पडला तर बाई कायम. नाही तर सुट्टीनंतर त्यांच्या जागी दुसरं कुणी.

ज्यात प्रश्न निघत नाहीत असा धडा घ्या, असं मुख्याध्यापिकांनी सुचवलं होतं. बाईंनी घातांक निवडले. तिथे नुसते नियम. गुणाकारात घातांकांची बेरीज, भागाकारात वजाबाकी, घातांक शून्य असेल तर उत्तर एक. स्वतः लहानपणी जसं घोकलं, तसंच त्यांनी वर्गाकडून घोकून घेतलं. शिवाय शाळेतला जुना करार होताच: तपासणीच्या दिवशी हात सगळ्यांनी वर करायचा, येत असेल त्याने उजवा, नसेल त्याने डावा.

तपासनीस मागच्या बाकात गुडघे कसेबसे कोंबून बसले. उजवे हात उत्तरं देत होते, डावे शोभेला होते. बाईंचा जीव थोडा भांड्यात पडला. त्यांनी फळ्यावर २⁰ = १ लिहिलं आणि वळून पाहिलं, तर खिडकीपाशी एक उजवा हात वर. त्यांनी तर काही विचारलंच नव्हतं.

हात शंकासुराचा होता. शिक्षकांच्या खोलीत त्या मुलीचं हेच नाव होतं. शंकेसाठी कोणता हात, हे करारात ठरलं नव्हतं. बाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"तिला काही विचारायचंय," मागून तपासनीस म्हणाले.

"बाई, दोन एकदाही घेतला नाही, तर शून्य उरायला हवं ना? एक कुठून आला?"

मागे पेनचं टोपण उघडल्याचा आवाज झाला. 'नियम आहे' हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. आपण हे कधी कुणाला विचारलं होतं का, ते त्यांना आठवेना. बहुधा नसावं, त्यांच्या वेळी विचारणाऱ्याला बाकावर उभं करत.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "वरून खाली येऊन बघू."

त्यांनी सोळा, आठ, चार, दोन असे आकडे एकाखाली एक लिहिले आणि शेजारी त्यांचे घातांक: चार, तीन, दोन, एक. घातांक एकाने उतरला की आकड्याचं काय होतं, असं विचारल्यावर करार विसरून कुणीतरी बसल्या जागेवरूनच निम्मं होतं म्हणालं. मग दोनाच्या खाली काय? शंकासुराने उत्तर दिलं, एक. बाईंनी एक लिहिला, शेजारी घातांक शून्य, आणि खडू क्षणभर तिथेच थांबला. मग हात आपोआप खाली गेला: अर्धा, उणे एक. पाव, उणे दोन.

"म्हणजे कितीही खाली गेलं तरी शून्य येतच नाही?" शंकासुराने विचारलं.

"दिसत तरी नाही," बाई म्हणाल्या.

घंटा झाली. तपासनीस पेनला टोपण लावून निघून गेले. आठवडाभर बाईंना धड जेवण गेलं नाही. मग अहवाल आला: पाठ नियोजनानुसार. विद्यार्थ्यांस विचारप्रवृत्त करण्यासाठी शिक्षिकेने अज्ञानाचे सोंग उत्तम वठविले. विषयावर संपूर्ण प्रभुत्व. कायम करण्यास हरकत नाही.

दोनाचा शून्यावा घात एक का, हे बाईंना त्याच तासाला पहिल्यांदा कळलं होतं.