पाहुणा आला म्हणून बाजार बंद

आमच्या गावात जिनिंग यावी, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना उभा राहावा, म्हणून मी जितकी तडफडले तितकं गावात दुसरं कोणी तडफडलं नसेल. गावाला भरभराट पाहिजे होती. मला माझा नवरा पाहिजे होता, रोज, दिवेलागणीला, घरात.

हे खामगावला एका जिनिंगमध्ये फिटर होते. भाड्याच्या खोलीत राहायचे. सुटीला यायचे, जेवायचे, झोपायचे आणि सकाळी एसटी पकडून पुन्हा जायचे. मी इकडे सासू-सासऱ्यांजवळ. लग्नाला तिसरं वर्ष लागलं तरी आपला माणूस ताकात मीठ घेतो की साखर, हे मला धड ठाऊक नव्हतं. "मले संगं घेऊन चला," असं एकदा म्हणून पाहिलं. "आबा नाही म्हणतीन," एवढंच उत्तर. आबा म्हणजे माझे सासरे, गावचे सरपंच. ते नाही म्हटले की विषय संपला.

मग एका सुटीला हे घाईघाईतच घरात शिरले. "शेठ नवीन जिनिंग टाकून राह्यले. जागा पाहून राह्यले. म्या आपल्या गावाचं नाव सांगतलं. मंगळवारी बाजार पाहाले येतीन." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "इथं झाली तं मी इथंच. नाही तं जिथं होईन तिथं मले जा लागन."

तेव्हापासून माझा पाय एका ठिकाणी ठरेना. पाण्याला जायचे आणि घागर विसरायचे. चूल पेटवायचे आणि दारात येऊन उभी राहायचे. महाराष्ट्र नवा नवा झाला होता. गावात विजेचे खांब आले होते, पिठाची गिरणी सुरू झाली होती, शाळेला नवी खोली चढत होती. अमडापूरच्या बाजाराला जाणारी माणसं आता आमच्याकडे वळत होती. मंगळवारी आमच्या दारापुढच्या मैदानातून थेट नाल्यापर्यंत कापसाच्या गाड्या लागायच्या. धूळ, बैलांच्या घंटा, अडत्यांची ओरड, नुसता गलका. शेठनं तो बाजार एकदा डोळ्यांनी पाहिला की झालं, असं मी स्वतःला दहादा सांगायचे.

आदल्या दिवशी दवंडी आली. "उद्या शेठ येऊन राह्यले हो! बाजार बंद हो! गाड्या नाल्यापल्याड हो! धुतलेले कपडे घालून मैदानात बसा हो!"

मी गोवऱ्या थापत होते. हातातला शेणाचा गोळा हातातच राहिला.

आमच्याकडची रीतच तशी. घरी मोठा पाहुणा आला की हातातलं काम खाली ठेवायचं. पाहुणा दारात उभा आणि तुम्ही पाखडत बसलात, तर त्याला निघून जा म्हटल्यासारखंच. आबांनी ती घरची रीत अख्ख्या गावाला लावली होती. सासऱ्यांशी सरळ बोलायची सोय नव्हती. मी दाराआडून सासूला म्हटलं, "आत्याबाई, सांगा न आबाले. तो बाजार पाहाले येऊन राह्यला, अन् बाजारच बंद?"

"हिले सांगा," आबा ओसरीतून म्हणाले, "पाहुण्याच्या अंगावर धूळ उडवाची का आपण? लोक काय म्हणतीन?"

"अवो पण, आत्याबाई..."

"पुरणाचं पाहाय म्हणा तिले."

पुरणाचं पाहा! बाप्पा! मुलगी पाहायला पाहुणे यावेत आणि आपण मुलीलाच मामाच्या घरी पाठवून द्यावं, तशी यांची अक्कल. दुसऱ्या दिवशी मी ते पुरण इतक्या रागानं वाटलं की सासू म्हणाली, "पाटा फोडतं का वं?" पाटाच काय, त्या घडीला माझ्या हाती काही आलं असतं तर फोडलं असतं.

जीप आली. मी दाराच्या फटीला डोळा लावला. मैदानात सडा, रांगोळी, आंब्याच्या पानांचं तोरण. एक शेळी नाही, एक गाडी नाही. पांढऱ्या टोप्या घालून माणसं ओळीनं बसलेली, लग्नाच्या मांडवात बसावीत तशी. शेठच्या मागून हे उतरले. मैदानाकडे पाहिलं आणि यांचं तोंड उतरलं.

"बाजार कुठं भरते?" शेठनं विचारलं.

"इथंच जी. तुमच्यासाठी बंद ठेवला," आबा हात जोडून म्हणाले.

"अन् कापसाच्या गाड्या?"

"लय राह्यतात जी. तुमच्यासाठी हलवल्या."

"मजूर भेटतीन का?"

"हे काय, सारे बसले न जी."

शेठ नुसते हसले. हे पुढं होऊन म्हणाले, "शेठजी, नाल्यापल्याड चला, गाड्या दाखवतो." मी आतून मुठी आवळल्या. घेऊन जा, आत्ताच्या आत्ता घेऊन जा!

"काऊन रे, उपाशी पोटी नेतं का त्यायले?" आबा कडाडले. आणि पंगत बसली.

रोडगे, वांग्याची भाजी, पुरणपोळी, वर तुपाची धार. एक घ्या, अजून एक घ्या, माझ्या हातची घ्या. मीच लाटलेल्या पोळ्या त्या माणसाच्या ताटात पडत होत्या आणि मीच मनात म्हणत होते, उठ रे बाबा, उठ. जेवून उठले ते शेठ खाटेवर आडवे झाले. जागे झाले तेव्हा गाड्या कंटाळून कधीच अमडापूरच्या वाटेला लागल्या होत्या. जाताना शेठनं आबांचे दोन्ही हात धरले. "असा मान मले कुठीच भेटला नाही," म्हणाले. आबांचे डोळे भरून आले.

जिनिंग दुसऱ्याच गावी गेली. पुढच्या सुटीला यांनीच सांगितलं, "तिथं शेठले कोणी वळखलंबी नाही. एका गाडीवाल्यानं तं 'बाजूले व्हा बे' म्हटलं. शेठ खुश. म्हणे, इथं माणसाले फुरसत नाही, इथंच टाकू."

मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ ओसरीत जाऊन उभी राहिले. सासऱ्यांसमोर माझं ते पहिलं बोलणं. "आबा, मी यायच्या संगं जाऊन राह्यली."

ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी मान वर केली नाही. "गाडी जुंपाले सांगतो," एवढंच म्हणाले.

त्या नव्या जिनिंगच्या भिंतीला लागूनच आम्हाला खोली मिळाली. हे संध्याकाळी घरी यायचे, केसांत कापूस अडकलेला. ताकात मीठ घेतात, कळलं. हंगाम लागल्यावर एक दिवस फाटकापुढं गाड्यांच्या रांगेत आबा दिसले, आपल्याच कापसावर बसलेले. मी धावत पाणी घेऊन गेले. ते गटागटा प्याले. "सकाळपासून बसलो," म्हणाले. "इथं कोणी पाण्याचं बी इचारत नाही वो."

"म्हणून तं इथं आली न जिनिंग, आबा." बोलले आणि जीभ चावली. त्यांनी लोटा परत दिला आणि बैल पुढं घेतले.

दिवाळीला घरी गेलो. आबा वेशीपर्यंत सामोरे आले. मी चुलीकडे वळले तर सासूनं हात धरला. "बस तू. दोन दिवसाची आली." अंगणात दोघी बाया मूग पाखडत होत्या. मला वाटलं, जावं, एक सूप उचलावं, त्यांच्यात बसावं. मी उठलेही.

तेवढ्यात आबा मोठ्यानं म्हणाले, "बंद करा वो ते. पाहुणे आले."