मीठ कमी हाय

माझी नेमणूक जम्मूकडच्या एका लष्करी रुग्णालयात होती. हुद्दा हवालदार, काम नर्सिंग असिस्टंटचं. बेंबळीच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. शिक्षणाचं सोनं करायचं, एवढंच डोक्यात होतं.

शिपाई दत्ता आमच्याच जिल्ह्यातल्या ढोकीचा. पोस्टवर त्याला मण्यार चावली. जीव वाचला, पण गिळणं गेलं. घोटभर पाणीही फुप्फुसात उतरलं असतं. म्हणून मी नाकातून पोटापर्यंत नळी घातली. आधी नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत माप घेऊन नळीवर खूण केली. एक्स-रे पाहून वॉर्डाचे डॉक्टर असलेल्या मेजर साहेबांनी होकार दिला, मगच पातळ आहार सुरू झाला. दर वेळी आधी खूण नाकपुडीशीच आहे ना, ते पाहायचं, डोकं उंच ठेवायचं, शेवटी पाण्याने नळी धुवायची.

त्याच्या तुकडीचा नाईक महादेवही तिकडचाच, मुरुम गावचा. रोज यायचा.

"ह्या पांढऱ्या पाण्यावर गडी जगंल व्हय, डॉक्टर?" मला तो मुद्दाम डॉक्टर म्हणायचा.

"जगेल. तू हात लावू नकोस."

एका दुपारी मी शेजारच्या वॉर्डात होतो. महादेवने गावाकडून आणलेल्या हुलग्याच्या पिठाचं माडगं, म्हणजे पातळ कढण, करून आणलं, फडक्यातून गाळलं आणि सिरिंजने नळीत ढकललं. नळी तुंबली. त्याने जोर लावला. दत्ता खोकू लागला, चिकटपट्टी सुटली. मी धावत पोहोचलो तेव्हा खूण नाकापासून चार बोटं बाहेर होती.

"थांब!"

"थोडंच राहिलंय, डॉक्टर..."

"नाईक, मागे हो!"

नळीचं टोक आता कुठं आहे, सांगता येत नव्हतं. मी नळी चिमटून काढली. दत्ताला बसवून सक्शनच्या यंत्राने तोंडातलं ओढून साफ केलं. घसरलेला ऑक्सिजन हळूहळू वर आला. मेजर साहेबांनी छाती तपासली.

"साफ है. नई नली डालो."

दत्ताची हनुवटी छातीकडे झुकवली. नळी पहिल्याच प्रयत्नात गेली. हात स्थिर होता. पुन्हा एक्स-रे, मगच आहार.

महादेव दाराशी उभा होता. "लई चुकलं. भुकेला दिसला ओ."

"पीठ जपून ठेव. तोंडाने खाईल."

पुढं दत्ताचं गिळणं परतलं. नळी निघाली. महादेवने चमच्याने माडगं भरवलं.

"मीठ कमी हाय," दत्ता म्हणाला.

"नळीतनं दिलं तवा न्हाय बोललास!"

सगळा वॉर्ड हसला.

पुढच्या हिवाळ्यात गस्तीवर सुरुंग फुटला. नाईक महादेव शहीद झाला.

दत्ता आता निवृत्त होऊन ढोकीला ऊस करतो. मी गेलो की माडगं होतंच. मीठ तो स्वतः घालतो, आणि कमीच घालतो.