जागृतीबाईंनी डोंगर सोडला

पोशीरच्या जागृतीबाई कर्जत तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात नर्स. आवाज असा खणखणीत, की आत गरोदर बाईला ‘श्वास घे’ म्हटलं की बाहेर चहावालाही घेई. मन मात्र साईसारखं मऊ.

यंदा दवाखान्याला मोठा मान मिळाला. देशात किती लोकांना एचआयव्ही आहे, याचा अंदाज बांधायचा होता. सगळ्यांचं रक्त कोण तपासणार? म्हणून ठरावीक दवाखान्यांत पहिल्यांदा आलेल्या गरोदर बायांच्या रक्तातलं थोडं, नाव काढून, पुढे पाठवायचं. अट एकच: रांगेत येईल ती घ्यायची, निवडानिवड नाही.

बाईंनी सरपंचाच्या सुनेलाही रांगेत उभं केलं. पण डोंगरावरच्या वाडीतल्या बाया दिसल्या की त्या विरघळत. वाडीची टमटम दुपारी सुटे. चुकली तर पोटुशी बाई डोंगर चढणार कशी? जागृतीबाई त्यांना तपासत, गोळ्या देत आणि म्हणत, “रक्ताचं पुढच्या खेपेला बघू. पळ गं!”

देखरेखीला आलेले डॉक्टर कमलेश दारातच होते, तोच वाडीवरची ठमी लगबगीने बाहेर पडली.

“ही रक्त न देताच निघाली?”

“लांबची हाय हो, साहेब.”

“अशा किती सोडल्या?”

बाई अभिमानाने म्हणाल्या, “एकीलाबी अडकवली नाय!”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “बाई, तुमच्या मायेपायी अख्खा डोंगर मोजणीतून सुटला! सगळीकडे असंच झालं, तर अंदाज चुकणार, आणि औषधं त्याच अंदाजावर येतात. काम नुकतंच सुरू झालंय, पुन्हा पहिल्यापासून करा. यापुढे असं दिसलं, तर तुमचा दवाखाना या मोजणीतून बाद.”

बाई गप्प झाल्या. काय बिघडलं म्हणून चहावाला डोकावून गेला. मग त्या तशाच अनवाणी धावल्या आणि टमटमपुढे उभ्या ठाकल्या.

“साईनाथ, बंद कर रं गाडी!”

“मावशी, टाइम झाला.”

“जन्माला येताना तू मला पहाटेपर्यंत ताटकळत ठेवलंस. आता तू थांब!”

गाडीतल्या बाया फिदीफिदी हसल्या. साईनाथने मुकाट्याने इंजिन बंद केलं.

ठमी रांगेत परत आली. “आक्का, माजं नाव नाय ना जानार?”

“नाय गं. आणि नको वाटत असंल तर नको देऊस.”

“मग माजं रगत हाय, ते कळंल कसं?”

“कळायलाच नको. डोंगरातलं माणूस मोजलं गेलं, म्हंजी झालं.”

ठमीने हात पुढे केला. “मग गाडीतल्या चिमालाबी उतरवा. तिलाबी तुमीच पळवलीत, सकाळी.”

चिमा उतरली, तिच्यामागून आणखी एक. डॉक्टर खुशीत चहाला गेले.

तेव्हापासून टमटम कधी सुटणार, असं कुणी विचारलं की साईनाथ सीटवर आडवा होत म्हणतो, “मावशीला इचारा.”