टँकरचं पाणी

दुष्काळामुळे विद्यापीठाच्या स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या पात्रता फेरीसाठी अडथळ्यामागचा पाण्याचा खड्डा आम्ही टँकरनं भरला. मी तिथला पंच. खोली बघायला सकाळी बुटांसकट आत उतरलो होतो. बाकीच्या मुली उडी मारून पाण्यात पडायच्या. दुष्काळी वडवणीकडची एक मात्र मैदानाच्या दर चकरेला अख्खा खड्डा ओलांडून कोरड्यात उतरायची. तरी पहिली आली, तीही आमच्या मैदानावर कुणी धावलं नव्हतं अशा वेगात. नाव विचारायचं राहिलंच.

"अगं, एक पाय पाण्यात टाकायचा, दम वाचला असता," मी म्हणालो.

ओढणीनं घाम पुसत ती हसली. "टँकरच्या पाण्यात पाय न्हाई घालीत आमी, सर. फायनलला बी न्हाई घालणार. बघा तुमी."

मी हळूच माझे ओले बूट खुर्चीखाली ओढले.