सव्वा मूठ गहू आणि एक खडक

सरलाबाईंना समुद्र माहीत होता तो डुमसच्या किनाऱ्यावरच्या भज्यांपुरता. पारोळ्याहून लग्न होऊन त्या डिंडोलीत आल्या. नवरा पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवायचा, त्या घरी बसून साड्यांना लेस लावायच्या. बापासारखं पोराने रंगाच्या वाफेत छाती जाळून घेऊ नये, म्हणून त्यांनीच हट्टाने योगराजला जहाजाच्या नोकरीवर धाडला.

आणि आता दोन देश एका बेटावरून हमरीतुमरीवर आले होते. बेट कसलं, खडक तो! भरती आली की निम्मा पाण्यात. ना विहीर, ना झाड, ना माणूस. पण दोघांच्या युद्धनौका त्याच्याभोवती घिरट्या घालत होत्या, आणि योगराजच्या मालवाहू जहाजाला तिथूनच जायचं होतं. कप्तानाने सगळ्यांपुढे संमतीचा कागद ठेवला. ज्याला जायचं नसेल त्याने वाटेतल्या बंदरात उतरावं, संध्याकाळपर्यंत कळवावं.

"आई, काय करू?" योगराजने सकाळी फोनवर विचारलं.

सरलाबाईंनी नोकरी लावून देणाऱ्या गुजराती एजंटला विचारलं. तो हसला. "मासी, टीव्ही बघूच नका. कंई नथी थवानुं, काही होणार नाही. त्याला सांगा, सही कर. उतरला तर पुन्हा जहाज नाही मिळणार हं!"

एवढ्या वर्षांची मेहनत डोळ्यांपुढे आली. सरलाबाई पोराला म्हणाल्या, "थांब, सांगते."

त्या दिवशी घरी कानबाई देवी बसायची होती. पलसाण्याहून जेठ, म्हणजे थोरले दीर भाईदास आले होते, सगळी भावकी जमली होती. देवीच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घ्यायचे आणि तो रोट घरच्यांनीच संपवायचा, ही त्यांची रीत. भाईदास नाव घेत होते, सुपात मुठी पडत होत्या. योगराजचं नाव आलंच नाही.

"दादा, योगराज राहिला," पदराआडून सरलाबाई म्हणाल्या.

"तो कुठे येतोय खायला? रोट उरला तर पंचाईत. आणि आता तिकडचं काय सांगावं..." भाईदासांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं.

नाव गळतं ते गेलेल्या माणसाचं. सरलाबाईंच्या अंगाची लाही झाली. लग्न झाल्यापासून जेठापुढे कधी आवाज चढला नव्हता, तो चढला.

"मना पोऱ्या जित्ता शे, दादा! घ्या त्याचं नाव!"

भाईदास ओशाळले. "चुकलं गं बाई," म्हणत त्यांनी योगराजच्या नावाने मूठ भरली.

पण सरलाबाईंचा राग जेठावर उरलाच नव्हता. जे त्यांच्या तोंडून अर्धवट निघालं, ते आपणही सकाळपासून मनात दाबून बसलो होतो, आणि तरी "थांब" म्हणालो! त्यांनी तिथेच फोन लावला.

"योगराज, सही करू नको. उतर."

"आई, पुन्हा जहाज नाही मिळालं तर?"

"नाही तर नाही. ज्यांना तो दगड पाहिजे त्यांनी बसावं त्याच्यावर जाऊन. मी तुला त्यासाठी नाही वाढवला."

योगराज म्हणाला, "बरं. आत्ताच सांगून येतो."

आरतीच्या आधी एजंटचा फोन आला. चांगलाच तापला होता. "मासी, हे काय केलंत? कंपनीपुढे माझं नाक कापलं! नशीब, त्याच्या जागी दुसरा छोकरा मिळाला. नंदुरबारकडचा आहे, गरीब घरचा. त्याच बंदरात चढायला लगेच हो म्हणाला."

पोरगा सुटला होता, पण सरलाबाईंचा राग मघापेक्षाही वर आला.

"त्याच्या आईला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? तिला काय कळतं?"

"मला पण सकाळी कळत नव्हतं. नंबर दे तिचा."

"मासी, तुमचं काम झालं ना..."

"नंबर दे म्हणते ना! नाही तर उद्या सकाळी तुझ्या ऑफिसात येऊन बसते, आणि ही सगळी भावकी घेऊन येते."

मागून भाईदास मोठ्याने ओरडले, "मीही येतो!"

एजंटने शिवी गिळली आणि नंबर सांगायला लागला.